टेबलाची खालची बाजू

लूवेनच्या तत्त्वज्ञान संस्थेत, दुसऱ्या मजल्यावर,
ओकचं एक टेबल आहे.
त्यावर बोट ठेवून प्राध्यापक हेलेमान्स दर ऑक्टोबरात सांगतात:
पाहा, टेबल कधीच पूर्ण दिसत नाही.
एक बाजू समोर येते.
बाकीच्या शरीर उधारीवर धरून चालतं,
की मी वळसा घालीन, वाकेन,
आणि त्या तिथं असतील.
मुलं लिहून घेतात.
मी दाराबाहेर बादली घेऊन उभी असते.
उधारीचं मला पटतं.

खालची बाजू माझ्याकडे आहे.
एकोणीस वर्षं दर शुक्रवारी मी तिच्याखाली शिरते,
पाठीवर पडून, कानातलं काढून ठेवून,
आणि उलथन्यानं च्युइंगम खरवडते.
जुनं खडीसारखं, ताजं लिबलिबीत,
पुदिन्याचा वास मात्र दोन्हींना.
मधल्या फळीवर कुणी तरी आपलं नाव
अर्धंच कोरून सोडलंय.
आणि डाव्या पायाजवळ लाकडाचं एक सालपट उठलंय,
तिथं माझा हात आपोआप वळसा घेतो.
हात घेतो, मी नाही.
(प्राध्यापकांना हे वाक्य आवडलं असतं.
मला कुणी विचारलं नाही.)

जिन्याला बावन्न पायऱ्या.
सकाळी बावन्न.
रात्री दहाला, बादली भरलेली असली,
की जिना उभा राहतो, भिंतीसारखा उभा,
आणि वरचा दिवा दुसऱ्या गावात गेल्यागत लांब.
मोजा, बावन्नच भरतील.
पण मोजायला चढावं लागतं ना.

आई म्हणायची, गोदलीव्हची अक्कल गुडघ्यात.
बरोबर, आई. डाव्या.
उद्या रस्ते गोठणार असले
की त्याला आदल्या रात्रीच कळतं.

नोव्हेंबरातल्या एका गुरुवारी वीज गेली.
वर्गातून आवाज आला, "कोण आहे?"
इतका बारीक, की मला वाटलं एखादा विद्यार्थी.
"मी. सफाईची."
शरीर या विषयावर त्यांची तीन जाड पुस्तकं आहेत,
त्यांच्यावरची धूळ मीच झटकते.
आणि ते थिजलेले,
जणू पुढच्या पावलाला जमीन द्यायला कुणी विसरलं होतं.
मला हसू आलं.
मग आलं नाही.
आपण कुठं संपतो आणि काळोख कुठं सुरू होतो,
हे त्यांना उमगत नव्हतं.
माझ्या मात्र तो वर्ग अंगवळणी पडलेला.
काय शब्द आहे बघा:
अंगाच्याच वळणात जाऊन बसलेला.

"टेबल धरा," मी म्हटलं, "कडेकडेनं या."
त्यांनी धरलं. खालून.
आणि ओरडले.

मग आम्ही पहिल्या पायरीवर बसलो.
"कुठं?"
"इथं."
काळोखात इथं म्हणजे कुठं?
माझ्या अंगठ्याला घट्टे पडलेत,
त्याला आता ऊन-गार एवढंच कळतं,
म्हणून करंगळीनं शोधत गेले.
तळहाताची ऊब, घाम, पेनानं झालेली गाठ.
एके ठिकाणी त्यांनी श्वास आत ओढला.
तिथंच होतं.
ॲप्रनची टाचणी काढून
ते त्यांच्यातून वेगळं केलं.
"दिसतंय तुम्हाला?" त्यांनी विचारलं.
"नाही."
बराच वेळ ते काही बोलले नाहीत.
त्यांना बोलायचं नव्हतं, की बोट चोखत होते,
तेही मला दिसलं नाही.

डिसेंबरात ऑफिसातून कागद आला,
सुताराला बोलावून टेबल तासून घ्यावं.
तो माझ्याकडून हरवला.

यंदाही ऑक्टोबरात प्राध्यापक म्हणाले,
टेबल कधीच पूर्ण दिसत नाही.
तेच वाक्य, तोच खाकरा.
पण बोलता बोलता त्यांचा डावा हात कडेखाली गेला,
सरकत सरकत,
आणि सालपटाच्या अलीकडे, बोटभर अंतरावर,
थांबला.
मुलं खाली मान घालून लिहीत होती.